मियाझाकीची फाइल

प्रबोध गेला त्याला सतरा दिवस झाले आणि मी अजून रडलेले नाही. लोकांना त्याचीच काळजी. माझी बहीण सुचित्रा दर फोनला विचारते, "मोकळी झालीस का?" मी काय तुंबलेली मोरी आहे? मला काही वाटतच नाही. भाजी आणते, कपडे वाळत घालते, पोटभर जेवते. इतकं अचानक झालं, आधी कुणाला कळणार होतं, एवढ्या एका समजुतीवर दिवस ढकलते.

शनिवारी सकाळी संजीव आला. प्रबोधच्या बँकेतला, दर आठवड्याला त्याच्याबरोबर गोल्फ खेळणारा. सोफ्याच्या कडेवर टेकून त्याने चहा घेतला आणि घसा खाकरला.

"वहिनी, कसं विचारू... जपानची, मियाझाकीची ट्रिप आम्ही करतोय. प्रबोधचीच हौस होती ना. पण कुठल्या गोल्फ कोर्सला कसं जायचं ते सगळं त्याच्या फाइलमध्ये आहे. आम्हाला एअरपोर्टच्या पुढचं काही माहीत नाही."

राग यायला हवा होता, पण तोही आला नाही. मी उठून कपाटातून फाइल काढली.

वर त्याच्या अक्षरात 'मियाझाकी, एप्रिल २००६'. आत सहा गोल्फ कोर्स, प्रत्येकाला एक पान. कुठली गाडी, कुठे उतरायचं, क्लबची बस किती वाजता. जपानी नावं मात्र देवनागरीत लिहिलेली. दोन महिने रोज संध्याकाळी कॉम्प्युटरला चिकटून तो हेच करत होता. देण्याआधी मी उगाच पानं चाळली.

'स्टेशनवर लिफ्ट नाही. बत्तीस पायऱ्या. रद्द.'

'बस थांब्यापासून चढ. वाटेत बसायला बाक आहे का, फोन करून विचारणे.'

आणि प्रत्येक पानाच्या तळाशी चौकटीत जवळचं हॉस्पिटल, टॅक्सीने किती मिनिटं.

चोपन्न वर्षांचा माणूस पायऱ्या कशाला मोजेल? हल्ली आमच्या घराजवळच्या चोआ चू कांग मेट्रो स्टेशनला तो जिना सोडून लिफ्टसाठी थांबायचा. मी म्हणायचे, म्हातारा झालास. तो नुसता हसायचा.

"संजीव, तुम्हाला माहीत होतं?"

त्याने कप खाली ठेवला.

"जानेवारीत हृदयाचे रिपोर्ट आले. डॉक्टर म्हणाले, लगेच ऑपरेशन करून घ्या. हा म्हणाला, एकदा जपान होऊ दे. तुम्हाला कळलं तर जाऊ देणार नाहीत, म्हणाला."

"नसतंच जाऊ दिलं."

"हो."

 आधी समोर बसलेल्या या माणसाचा राग आला, मग लिफ्टपाशी हसणाऱ्या प्रबोधचा. मी काय काय बोलले ते आठवत नाही, पण शेजारच्यांनी दार उघडून बघितलं, इतका आवाज चढला होता. संजीव फाइल न घेताच गेला. मी तशीच जमिनीवर बसले, आणि सतरा दिवसांत पहिल्यांदा मला प्रबोध हवा वाटला. इथे, समोर, कडाडून भांडायला.