आठ मिलिमीटर

“थांबा,” ती पत्र्यामागून म्हणाली.

हातोडी थांबली नाही. आणखी चार ठोके पडले, प्रत्येक आधीच्यापेक्षा लहान, फरशीवर पडलेली गोटी उड्या मारत विरत जावी तसे. मग बारीकसा टिच् आवाज झाला. तिला तो हातातल्या लोखंडी ठोकळ्यातून आधी कळला, कानांना नंतर.

“गेला,” पलीकडून मिस्तरी म्हणाले.

“हं.”

“पत्राच भिकार आहे. हल्ली मालात काही राम राहिला नाही.”

ती कंबर धरत उठली. हा तिसरा पत्रा होता. तिने तो सोडवला आणि आधीच्या दोन पत्र्यांशेजारी भिंतीला टेकवून ठेवला. तिन्ही साधारण एकाच ठिकाणी चिरले होते, जिथे मडगार्डाचा गोलवा सर्वांत खोल असतो तिथे.

सव्वीस वर्षे त्या दोघांचे काम असेच चालत आले होते. बाहेरून नवऱ्याची हातोडी, आतून तिचा ठोकळा. लग्नानंतर महिन्याभरात मदतीचा माणूस पळून गेला आणि मिस्तरींनी तिला म्हटले होते, “दोन दिवस धर जरा.” ते दोन दिवस अजून संपले नव्हते. पत्र्याच्या आड बसून ती ठोका ऐके आणि तो बरोबर लागला की नाही हे मनगटाने ओळखे. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा मार खाऊन मऊ पडत नाही, उलट कडक होत जातो. एका जागी मोजके ठोके, की पुढे सरकायचे. चौथा ठोका अडाण्याचा, असे मिस्तरीच सगळ्यांना ऐकवत. आता ते स्वतः एकाच जागी नऊ-नऊ, दहा-दहा ठोके मारत होते, कारण त्यातले निम्मे पोचतच नव्हते.

डॉक्टरांनी नीट समजावून सांगितले होते. हाताला काही झालेले नाही, बिघाड मेंदूत आहे. रिकामा हात थरथरेल, काही घट्ट धरले की बराचसा शांत होईल. पण तीच हालचाल पुन्हा पुन्हा करायची म्हटली, की ती लहान होत जाईल. अक्षरसुद्धा बारीक होत जाते, असे डॉक्टर म्हणाले. शेडच्या भिंतीवर खडूने लिहिलेली मापे वर्षभर बारीक होत चालली आहेत, हे तिने केव्हाच पाहिले होते.

मिस्तरींनी डॉक्टरांचा कागद खिशात घातला आणि दवाखान्याच्या पायरीवरच निकाल दिला. “रेंजरसाहेबांचं मडगार्ड होऊ दे. मग येऊन दाखवतो त्याला, बिघाड कुठे आहे ते.”

तेव्हापासून त्यांनी दुसरे कुठलेही काम हातात घेतले नव्हते.

रेंजरसाहेब जंगल खात्यातून निवृत्त झाले होते. त्यांची जीप त्यांच्याच वयाची असेल. तिचे डावे मडगार्ड दगडाखाली चेपून पार कागदाच्या बोळ्यासारखे झाले होते. गाडी सोडताना ते म्हणाले होते, “समुद्रापलीकडून तयार मिळतात म्हणे अजून. पण मला नको. बावीस वर्षांत या गाडीला तुमच्याशिवाय कोणाचा हात लागलेला नाही. काय वहिनी?”

वहिनी हसली होती.

तिसरा पत्रा गेला त्या दुपारी, गोळी घेऊन मिस्तरी झोपल्यावर, तिने लेकीला फोन लावला. लेक दुसऱ्या शहरात रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत होती. चार दिवसांत तिने शोधून काढले. परदेशात एक म्हातारा अशा जुन्या जीपचे भाग जुन्या साच्यांवर काढून विकत होता, आणि विकण्याआधी प्रश्न विचारून जीव नकोसा करत होता. दिवे मधोमध की मडगार्डांवर? इंडिकेटरसाठी भोकं एक की दोन? इंजिनामागच्या पट्टीवरचा नंबर काय? ती रोज दुपारी टेप घेऊन जीपखाली शिरे आणि फोनवर कुजबुजत मापे सांगे.

“आई, तो विचारतोय, डावं म्हणजे कुठून बघितल्यावर डावं?”

“सीटवर बसून. गाडीचं डावं-उजवं नेहमी आत बसून. एवढंही माहीत नाही त्याला?”

“त्याला आहे गं. आपल्याला आहे का, ते बघतोय.”

“मग सांग, आहे म्हणावं.”

“आणि बाबांना सांगितलंस का?”

“तू तुझ्या नळ्या सांभाळ.”

म्हाताऱ्याने शेवटी कळवले, की डाव्या बाजूचे हे एकच उरले आहे. साचा झिजला, आता परत काढणार नाही. पैशांचे लेकीने परस्पर पाहिले. खोका बोटीने यायला सात आठवडे लागले. तेवढ्यात आणखी दोन पत्रे चिरले.

खोका सकाळी आला. फळ्या उचकटल्या, अनोळखी लिपीतल्या वर्तमानपत्रांचे बोळे काढले, आणि आतून करड्या रंगाचे, एकही ठोका न दिसणारे मडगार्ड निघाले. मिस्तरींनी त्यावरून तळहात फिरवला. गोलव्यावर आल्यावर हात थांबला, आणि थांबल्याबरोबर थरथरू लागला. त्यांनी तो खिशात घातला.

“कोणी मागवलं?”

“मी.”

“कधी?”

“तिसरा गेला त्या आठवड्यात.”

मिस्तरींनी भिंतीकडे पाहिले. तिथे आता पाच होते.

“म्हणजे चौथ्याला आणि पाचव्याला तू आत ठोकळा धरून बसलीस, तेव्हा तुला माहीत होतं.”

ती वर्तमानपत्रांचे बोळे गोळा करू लागली.

“सव्वीस वर्षांत तू खोटा ठोकळा कधी धरला नव्हतास,” ते म्हणाले आणि घरात निघून गेले.

दोन दिवस घरात भांड्यांचेच काय ते आवाज झाले. ती वाढायची, ते जेवायचे, हातातला चमचा ताटाच्या काठावर वाजायचा. तो वाजला की दोघे दोन दिशांना बघायचे. आपण त्यांच्या हातून काय काढून घेतले, याचा ती हिशोब लावायचा प्रयत्न करी, आणि तो लागत नसे.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेडमधून आरोळी आली.

“अगं, बसत नाही!”

ती धावत गेली. मिस्तरींनी एकट्याने ते धूड उचलून जीपला लावले होते. त्यांच्या तोंडावर कित्येक महिन्यांत न दिसलेला आनंद होता.

“बघ, बघ! पुढून बरोबर आणि मागून लांब. दाराच्या खांबावर चढतंय. हे तुझं परदेशी काम!”

तिने पट्टी लावली. “आठ मिलिमीटर.”

“आठ?”

“आठ.”

त्यांच्या तोंडावरचे हसू हळूहळू उतरले. ते वाकले आणि खांबाच्या बुडाशी बोटाने चाचपत राहिले.

“मडगार्ड बरोबर आहे,” ते शेवटी म्हणाले. “गाडी चुकली आहे. ती घाटात उलटली होती ना, तेव्हा खांब मी ओढला. पुरता मागे आलाच नाही. मग मडगार्डच आठ मिलिमीटर आखूड ठोकलं. कोणाला कळलं नाही.”

“मलासुद्धा नाही सांगितलंत.”

“तू तरी कुठे सगळं सांगतेस?”

ती हसली नाही, पण तिच्या छातीवरचे ओझे थोडे हलले.

उपाय दोघांनाही ठाऊक होता. मागची कड काटकोनात दुमडलेली होती. ती उलगडून आठ मिलिमीटर अलीकडे नवी घडी मारायची. हातभर लांबीची घडी, एका दमात, एकसारख्या ठोक्यांनी. एक ठोका चुकला तर कड चिरणार, आणि असे दुसरे मडगार्ड जगात कुठे शिल्लक नव्हते.

मिस्तरींनी कडेवर साबण चोळला आणि ज्योत फिरवली. साबण काळा पडला तसे थांबले. पत्रा मऊ झाला होता. त्यांनी हातोडी उचलली, तोलली, एकदा हवेत हलवून पाहिली. मग वळून त्यांनी ती तिच्यापुढे धरली, दांड्याची बाजू तिच्याकडे करून.

“मी?” ती म्हणाली.

“मग काय परदेशातून माणूस मागवतेस?”

“मी कधी मारली नाही हो.”

“सव्वीस वर्षं ऐकते आहेस. हाताला नको विचारूस, कानाला विचार.”

आणि ते तिच्या जागी, पत्र्याच्या आड, गुडघ्यांवर बसले. दोन्ही हातांनी त्यांनी ठोकळा कडेला घट्ट दाबला. तिला पलीकडे फक्त त्यांची विरळ झालेली टाळू दिसत होती.

पहिला ठोका बोदा आला.

“वर,” आतून आवाज आला. दुसरा नीट लागला. “हं. सरक.” तिसरा. “सरक.” ठोकळा जराही हलत नव्हता. अर्ध्यावर तिचा हात भरून आला आणि ठोके लहान होऊ लागले, तसे ती घाबरून थांबली. मग मिस्तरी अगदी हळू म्हणाले, “असंच होतं बघ. अगदी असंच. दम घे, मग मार.”

दुपारपर्यंत घडी बसली. मडगार्ड खांबाला लागले तेव्हा फटीत नखही जात नव्हते.

आठवड्याने, रंग वाळल्यावर, रेंजरसाहेब आले. त्यांनी डोळे मिटून गोलव्यावरून हात फिरवला.

“वा! तोच हात. मिस्तरी, तुमचा हात तसूभर हललेला नाही.”

मिस्तरींचा उजवा हात खिशात होता. खिशाचे कापड हलत होते. तिला वाटले, आता ते मान डोलावतील. डोलावावी, असेच तिला वाटत होते.

“साहेब,” मिस्तरी म्हणाले, “पत्रा बाहेरून आलाय. आणि कड हिनं मारली आहे.”

रेंजरसाहेब मोठ्याने हसले. “तुमची थट्टा काही जायची नाही! काय वहिनी, ऐकता ना?”

जीप सुरू झाली, फाटकाबाहेर गेली. हसणे इंजिनाच्या आवाजात मिसळून दूरवर गेले. मिस्तरी फाटक लावून आत आले आणि कामाच्या फळीपाशी गेले. बराच वेळ तिकडून करवतीचा आवाज येत होता, थांबत थांबत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेडमध्ये आली तेव्हा फळीवरच्या वस्तूंच्या जागा बदललेल्या होत्या. ठोकळा मिस्तरींच्या बाजूला होता. हातोडी तिच्या बाजूला. तिने ती उचलली. वजन बरोबर हाताच्या मध्यावर आले. दांडा चार बोटे आखूड केलेला होता, तिच्या मुठीच्या मापाने. कापलेली कड वेडीवाकडी होती. तीन-चार ठिकाणी करवत सुरू होऊन घसरल्याच्या खुणा होत्या, आणि त्या प्रत्येक खुणेवरून कोणीतरी पॉलिशपेपर फिरवला होता, तिच्या तळहाताला कुसळ लागू नये म्हणून.