रिकामा ठोका

मुस्तावुओ या बँडचा कार्यक्रम संध्याकाळी सात वाजता होता, आणि कार्यक्रमाआधी चाहता मंडळाने सौनात, म्हणजे तापल्या दगडांच्या लाकडी वाफघरात, बसायचे ही ताम्पेरेतली बावीस वर्षांची रीत होती. वरच्या बाकावर तिघे उघड्या अंगाने घाम गाळीत होते: मंडळाचा अध्यक्ष पेर्ती, थट्टेखोर काआपो आणि भिंतीला टेकून, नेहमीसारखा गप्प, आर्नो. त्या बाकावर वय, हुद्दा काही चालत नसे, सगळे एकेरीवर. आवाज मात्र चढवायचा नाही. फारच संताप आला, तर माणसाने तापल्या दगडांवर पाणी ओतावे.

"तिसऱ्या अल्बमात कीबोर्ड घुसवला ना, तेव्हाच मी म्हटलं होतं," काआपो म्हणाला, "आता हे लग्नात वाजवणार."

"आणि त्याच्या दोन प्रती तूच घेतल्यास," पेर्ती म्हणाला.

"एक फेकायला घेतली होती रे. आणि ओउलूचा शो? गायक पाणी पितोय, बाटली तोंडात, आणि किंकाळी आपली स्पीकरमधून चालूच! वाह रे गळा!"

"तू म्हाताऱ्यासारखा रडतोस. पहिल्या अल्बमची नवी आवृत्ती ऐक. पहिल्यांदा नीट ऐकू येतंय सगळं. चौथ्या गाण्यातली ती चूकसुद्धा भरून काढलीये. आज शोमध्येही तसंच वाजवणार. सगळं यंत्राच्या तालावर चालतं आता, मध्ये थांबता येत नाही."

आर्नोच्या पाठीमागची लाकडी भिंत एकाएकी चटका देऊ लागली.

ती चूक त्याला पाठ होती. चौथ्या गाण्यात, गिटारी चढत चढत जणू कड्यापाशी येतात तिथे, ड्रमरच्या हातून काठी निसटली होती. एक ठोका रिकामा गेला. पुन्हा वाजवायला स्टुडिओत वेळ उरला नव्हता, म्हणून ती पोकळी तशीच राहिली. आणि लोकांनी ती आपलीशी केली. प्रत्येक कार्यक्रमात ड्रमर तिथे हात रोखी, आणि सारा जमाव एकदाच, एकत्र, पाय आपटी. त्या ड्रमरला चाहते रुस्का या रंगमंचावरच्या नावाने ओळखत. घरी तो योउको होता, आर्नोचा थोरला भाऊ. काठी निसटली त्या दिवशी तो स्टुडिओतून हसत घरी आला होता आणि बारा वर्षांच्या आर्नोला म्हणाला होता, "आज मी जगातली सगळ्यात छोटी शांतता वाजवली." सहा वर्षांपूर्वी सरोवरावरचा बर्फ त्याच्या पायाखाली फुटला.

मंडळात हे कुणालाच ठाऊक नव्हते. आधी आर्नोने संकोचाने सांगितले नाही. नंतर सांगणे म्हणजे मिरवणे वाटले असते. त्याच्याजवळ भावाचे जे काही उरले होते, ते त्या एका रिकाम्या ठोक्यात मावत होते.

मार्चमधल्या बैठकीत पेर्तीने बँडचे पत्र वाचले होते: चौथ्या गाण्यातला तो रिकामा ठोका भरला तर जुन्या चाहत्यांची हरकत आहे का? "कुणाचा विरोध?" त्याने विचारले. अकरा जण आपापल्या कॉफीत पाहत राहिले. शब्द जिभेवर असताना आर्नोनेही कप ओठांना लावला. या देशात गप्प राहणे म्हणजे होकार. पेर्तीने उत्तर धाडले: एकमताने मान्य.

आर्नोने लाकडी ओगराळे उचलले आणि दगडांवर पाणी ओतले. वाफ फुत्कारत छताला भिडली. त्याने पुन्हा ओतले. पुन्हा.

"अरे, अरे! अध्यक्षाला उकड की, मी काय पाप केलंय!" काआपो कान झाकून दाराकडे पळाला.

पेर्ती हलला नाही. त्याची कातडी लालबुंद झाली होती. "काय झालंय तुला?"

"ती चूक नव्हती," आर्नो म्हणाला. आवाज त्याने चढवला नाही, पण पाणी ओतणारा हात थांबेना. "रुस्का माझा भाऊ होता. सख्खा."

पेर्तीने डोळ्यांवरचा घाम पुसला.

"मग मार्चमध्ये बोलला का नाहीस? मी विचारलं होतं."

"तीन सेकंद थांबलास तू! माणूस गेला त्याला सहा वर्षं झाली, मला अजून त्याचं नाव नीट उच्चारता येत नाही, आणि तुझं एकमत तीन सेकंदांत!"

"मला काय ठाऊक..."

"तुला तो ठोका ठाऊक होता. बावीस वर्षं तूही पाय आपटलास त्यावर."

आर्नोने उरलेले सगळे पाणी दगडांवर ओतले, बादलीच उपडी करून, आणि बाहेर पडला. त्याला सर्वांत जास्त जाळीत होती ती वाफ नव्हे. मार्चमध्ये विचारले होते, हे पेर्तीचे म्हणणे खरे होते, ते जाळीत होते.

सात वाजताही मैदानावर जूनचे लख्ख ऊन होते. पहिल्या अल्बमातले ते चौथे गाणे सुरू झाले. गिटारी कड्याशी आल्या. सवयीने हजारो पाय उचलले गेले, आणि ते खाली येण्याआधीच मंचावरून ठोका पडला, गुळगुळीत, मोजून मापून घातलेला. पाय मागाहून कसेबसे टेकले, चुकून दुसऱ्याच्या दारात शिरल्यासारखे.

"विरोध!" आर्नो ओरडला. "माझा विरोध आहे!"

गाण्याने ते गिळून टाकले. काआपोने वळून पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. पेर्ती शेजारीच उभा होता, पाय अजून उचललेला, कुठे ठेवावा हे न कळल्यासारखा.

गाणे संपले. टाळ्या ओसरल्या, आणि पुढचे गाणे लागण्याआधी मैदानावर क्षणभर शांतता पसरली. आर्नो तिची वाट पाहत होता. फुप्फुसांत होते नव्हते ते सारे घेऊन तो तिच्यात ओरडला, "विरोध आहे!"

पुढच्या रांगांतली डोकी वळली. मंचावर नव्या ड्रमरने पुढच्या गाण्यासाठी उचललेला हात थांबवला, एका कानातले ताल देणारे यंत्र ओढून काढले आणि आवाज कुठून आला ते गर्दीत शोधू लागला.