सात मंगळवार

"काटेकाका, ही सतरा नंबरची कालवड एका आठवड्यात बावीस किलोंनी कमी कशी झाली?" नव्या डॉक्टरीणबाईंनी जुनी वही त्यांच्यापुढे सरकवली. "आजारी पडली तरी इतकं वजन उतरत नाही."

काका उभेच राहिले. गुरांच्या या संशोधन केंद्रात दर मंगळवारी, चारा घालण्याआधी, प्रत्येक वासराला वजनकाट्यावर घ्यायचं आणि आकडा वाढीच्या वहीत लिहायचा, हे काम ते एकतीस वर्षं करत होते. त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं.

वासराकडे नुसतं बघून ते वजन सांगत. फरक पडलाच तर अर्ध्या किलोचा. गोठ्यातली माणसं त्यांच्याशी पैजा लावत आणि हरत. "काटा बंद पडला तर काकांनाच टांगा," असं म्हणत. काकांना ते आवडायचं, आणि तेच नडलं.

तीन महिन्यांची असताना सतरा नंबर भलतीच नाठाळ होती. तिला काट्यावर चढवायची म्हणजे दोन माणसांना घाम फुटायचा. एका मंगळवारी तिने काकांच्या नडगीवर लाथ झाडली. पुढच्या मंगळवारी त्यांनी तिला लांबूनच न्याहाळलं आणि आकडा लिहून टाकला. पोट छान भरलेलं दिसत होतं. असे सात मंगळवार गेले. आठव्या मंगळवारी ती निमूट काट्यावर चढली. काट्याने चौसष्ट दाखवले. वहीत आदल्या मंगळवारचे शहाऐंशी होते. पोट फुगलं होतं ते जंतांनी. औषधाने ती वाचली, पण ऐन वाढीचे दिवस हातचे गेले. आज दीड वर्षाची झाली तरी ती वर्षाच्या आतलीच वाटते. तेव्हाच्या साहेबांनी 'अचानक आजार' असा शेरा मारला आणि काकांनी तो मारू दिला.

"आधी वाटलं, काटाच बिघडला असेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण त्या दिवशीची बाकीची वजनं बरोबर आहेत. आणि ही अजूनही खुरटलेलीच आहे. म्हणजे खोट हिच्या रक्तातच. हिच्या आईला आणि धाकट्या बहिणीलाही कळपातून काढावं लागेल. उद्या कागद पाठवते."

खिडकीबाहेर ती आई धाकटीची मान चाटत उभी होती. काकांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. गप्प बसले असते तर कोणाच्या बापाला कळलं नसतं.

"मॅडम, रक्तात खोट नाही," ते म्हणाले. "ते सात आठवडे मी तिला काट्यावर घेतलीच नाही. नजरेने लिहिलं."

"नजरेने?"

"लाथा मारायची. आणि मला वाटलं, आपली नजर कशाला चुकतेय. नंतर सांगायला तोंड राहिलं नाही."

बाई चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं.

"कागद थांबवते. राहू देत त्या दोघी," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे वळल्या. तिथे या जातीच्या वासरांच्या वाढीचा मोठा तक्ता होता. कोणत्या वयाला किती वजन हवं, हे दुसरी केंद्रंसुद्धा त्याच्यावरून ठरवत. तो सगळा काकांनी केलेल्या वजनांवर उभा होता.

"काका, असं आणखी कितींचं केलंत?"

"हिचंच. शपथेवर सांगतो."

"माझा विश्वास आहे. पण तो मी वहीत कुठे लिहू?"

शेकडो वासरं काकांच्या डोळ्यांदेखत मोठी झाली होती. त्यांतल्या एकाचंही वजन खरं होतं, हे आता त्यांना कुणाला पटवून देता येणार नव्हतं. फार वाईट वाटलं त्यांना, सतरा नंबरसाठी आणि स्वतःसाठीही.

बाईंनी तक्ता उतरवायला हात वर केला, तो खिळ्यापर्यंत पोचेना. त्यांनी स्टूल ओढलं.

"चढू नका, ते डुगडुगतं," काका म्हणाले. "मी काढतो."

त्यांनी तक्ता दोन्ही खिळ्यांवरून अलगद सोडवला, कोपरे दुमडू न देता गुंडाळला आणि बाईंच्या हातात दिला.