चार वाजताचा वास

आमच्या रबाळ्याच्या कंपनीत माझ्यापेक्षा माझ्या डाव्या मनगटाला जास्त मान होता. कंपनीत सुगंध तयार व्हायचे. साबणाचे, पावडरीचे, केसांच्या तेलाचे, आणि वर्षातून एखादा अंगाला लावायचा सेंट. तो बाटलीत कितीही गोड वाटला तरी अंगावर दिवसभर कसा राहतो हे बघायला माणूस लागतं. ते माणूस म्हणजे मी. सकाळी साडेनऊला रावसाहेब माझ्या मनगटावर दोन थेंब लावायचे. मग बारा वाजता, दोन वाजता, चार वाजता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हात हुंगून कागदावर काहीतरी खरडायचे.

रावसाहेब हे त्यांचं पाळण्यातलं नाव, पदवी नव्हे. कंपनीचे सगळे सुगंध तेच जुळवायचे. नाक असं, की डब्यात कुणी कुठली भाजी आणलीय ते झाकण उघडायच्या आत सांगायचे. आणि त्याच नाकावर कायम राग. ते कागदावर काय लिहितात ते मला दिसायचं नाही, आणि मनगटाच्या मालकिणीला काय वाटतं हे तीन वर्षांत त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. माझ्या आधी या कामाला गोजरा होती. ती एकदा खोबरेल लावलेली वेणी घालून आली, तर दुपारच्या आत तिची रवानगी बाटल्या धुवायला झाली. मी लेबलं चिकटवण्यातून वर आले होते. मला परत खाली जायचं नव्हतं. खरं सांगायचं तर मला नुसतं मनगट म्हणूनही राहायचं नव्हतं, पण ते सांगणार कुणाला?

चाचणी चालू असली की नियम कडक. बिनवासाचा साबण कंपनी द्यायची. केसांना तेल नाही, तोंडाला पावडर नाही, गजरा नाही, घरात उदबत्ती नाही. आणि मालाच्या मागणीमुळे चाचणी यायची नेमकी जानेवारीत. तीन वर्षं संक्रांतीच्या महिन्यात आमच्या ऐरोलीच्या घरात सुका बोंबील शिजला नाही. माझे यजमान नंदकुमार म्हणायचे, "लोकांच्या बायका उपास करतात, माझी मलाच घडवते." आणि हळदीकुंकवाला जायची तर सोयच नव्हती. तिथे अत्तर लावतात, गुलाबपाणी शिंपडतात. सोसायटीतल्या बायकांना मी काहीतरी कारण सांगायचे. त्यांनी आपसात ठरवून टाकलं, की नोकरीवाली आहे, शिष्ट आहे.

शहाण्णव सालच्या जानेवारीत जो सेंट आला, तो मात्र वेगळाच होता. पहिल्या दिवशी रावसाहेबांनी तो लावला आणि मी खुर्चीतच सरळ होऊन बसले. मोगरा, गुलाब, निशिगंध, मागे कुठेतरी पिकलेल्या फळाचा गोडवा. लग्नघरात शिरताना दारातच जे अंगावर येतं ना, ते सगळं. मला उगाच हसू यायला लागलं. कँटीनमध्ये मी चालले की बायका माना वळवायच्या. मी साधी सुती साडी नेसलेली असायचे, पण चाल भरजरी झाली होती! दोन वाजता तो वास अंगात मुरायचा, फुलं मऊ व्हायची, स्वतःचाच हात सारखा गालाला लावावासा वाटायचा.

आणि चार वाजता सगळं संपायचं. वास जायचा असं नाही, पण त्यातला जीव जायचा. माणसं गेली आणि मांडव तेवढा उरला, असं वाटायचं. रोज चारला मी हिरमुसायचे, आणि रोज चारला रावसाहेब हात हुंगून, कपाळाला आठ्या घालून आत जायचे. रोज थोडा फरक करायचे, तरी चार वाजता तेच. असे सतरा दिवस झाले. शनिवारी गिऱ्हाईक येणार होतं.

त्या आठवड्यातल्या मंगळवारी संध्याकाळी दुर्गाबाईंनी मला जिन्यातच गाठलं. दुर्गाबाई आमच्या सोसायटीमागच्या दिवा गावातल्या. त्यांच्या म्हशींच्या दुधावर आमचा अख्खा जिना चहा प्यायचा.

"यंदा नाय आलीस तर उद्यापासून दूध बंद," त्या म्हणाल्या. "तीन वरसं झाली. काय आमचा कुंकू बाटलाय काय?"

दूध बंद झालं तरी चाललं असतं, पण ते कुंकवाचं बोलणं मला लागलं. मी बेत केला. जायचं, उजवा हात पुढे करायचा, हळदकुंकू लावून घ्यायचं, अत्तर यायच्या आत निघायचं. डावा हात पदराखाली, काही झालं तरी बाहेर काढायचा नाही.

दुर्गाबाईंच्या ओटीवर वीस-पंचवीस बायका होत्या. कुणी टोमणा मारला नाही. उलट सरकून जागा दिली. एकीने विचारलं, "अगं, कसला वास येतोय तुझा, किती छान!" आणि मी फुलून गेले. हळदकुंकू झालं. उजव्या हातात तिळगूळ आला, त्याच हातात वाणाची स्टीलची वाटी आली. मी उठायच्या बेतात होते, तेवढ्यात दुर्गाबाई अत्तराची कुपी घेऊन समोर उभ्या.

"हात कर फुरं गो."

आता काय सांगू? वयाच्या सहाव्या वर्षापासून आईच्या परकराला धरून मी हळदीकुंकवाला जात आलेय. अत्तराची कुपी दिसली की आपल्या बायकांचा हात आपोआप पालथा होऊन पुढे जातो. उजवा भरलेला होता. डावा गेला. पदराखालून, आपला आपण, शहाण्यासारखा पालथा होऊन गेला.

मी ओरडले, "नको नको!"

"अत्तर हाय, निखारा नाय," म्हणत दुर्गाबाईंनी काडी फिरवलीसुद्धा. नेमकी मनगटावर.

मी घरी आले ती रडकुंडीला. सतरा दिवसांचं काम मातीत. नंदकुमार म्हणाले, "टेन्शन कशाला घेते? साबणाने खसखसून धू. सकाळी सांग, वास उडाला म्हणून."

"म्हणजे तुमचा सेंट टिकत नाही असं खोटं सांगू? त्या माणसाने सतरा दिवस डोकं फोडलंय!"

"मग खरं सांग आणि बाटल्या धू."

चिडून मी हात नाकाशी नेला. निदान किती बिघडलंय ते तरी कळावं. आणि तशीच उभी राहिले. फुलं होती. सगळी होती. पण आता त्यांच्या खाली काहीतरी उबदार होतं. शेगडीपाशी बसल्यासारखं. मांडवातली माणसं घरी गेली नव्हती, आत येऊन गप्पा मारत बसली होती. मी नंदकुमारांच्या नाकाशी हात धरला. त्यांनी दोनदा हुंगला आणि बोंबलाचं नावही काढलं नाही. मी हात धुतला नाही.

सकाळी रावसाहेबांनी हात हुंगला. मग पुन्हा हुंगला. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी सगळं सांगून टाकलं.

"हळदीकुंकू?" ते ओरडले. शेजारच्या खोलीतली माणसं दारात आली. "शनिवारी गिऱ्हाईक येतंय आणि तुम्ही हळदीकुंकू करत फिरताय? कालची चाचणी फुकट! उद्यापासून दुसरी बाई बघतो मी."

माझंही डोकं फिरलं. आता गेलंच आहे, तर बोलून तरी जाऊ.

"बघा की. पण तीन वर्षं माझं मनगट हुंगताय, कधी मला विचारलंत? तुमचा सेंट सकाळी लग्नघर आहे आणि चार वाजता रिकामा मांडव. ते मला सतरा दिवस माहीत आहे. वरून फुलं ओतून काय होणार? फुलांना बसायला खाली काही नकोय का? काल त्या अत्तराने बसायला दिलं. म्हणून हात धुतला नाही, नाहीतर धुवून आले असते आणि तुम्हाला पत्ता लागला नसता!"

रावसाहेबांनी माझा हात तिसऱ्यांदा हुंगला. या वेळी डोळे मिटून, बराच वेळ.

"हीना," ते हळूच म्हणाले. "पण नुसता हीना नाही. कुठून आणला?"

मी संध्याकाळी दुर्गाबाईंकडे कुपी मागितली. त्यांनी साफ नकार दिला. अत्तर कुपीने देत नाहीत, लावायला मी येते, म्हणाल्या. आणि गुरुवारी आल्याच. हिरवी साडी, अंबाड्यात अबोलीची वेणी, हातात कुपी. वॉचमनने अडवलं तर त्यालाही अत्तर लावून आत. जिथे पावडरीच्या डब्यालाही बंदी होती, त्या खोलीत त्यांनी एकेकाला हात पुढे करायला लावलं. रावसाहेबांनाही.

"यात आणखी काय आहे?" त्यांनी विचारलं.

"संपत आला का चंदनाचा तेल घालतंय मी. माजी सासू घालायची. थंडीत लावायचा वास हाय तो, टिकाया नको?"

रावसाहेबांनी कपाळावर हात मारला आणि हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मग दार लावून आत बसले ते दुपारचा डबाही न खाता.

शुक्रवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे साडेनऊला खुर्चीवर बसले. दुसरी बाई दिसत नव्हती. लेबलांकडे जा असंही कुणी म्हणालं नव्हतं. रावसाहेब नवी बाटली घेऊन आले. मी बांगड्या मागे सरकवून डावा हात पुढे केला.

"तुमचा नको," ते म्हणाले.

मी हात मागे घेतला. त्यांनी आपल्या शर्टाची बाही दुमडली, स्वतःच्या मनगटावर दोन थेंब लावले, आणि कागद आणि पेन माझ्यासमोर ठेवलं. मग हात पालथा करून माझ्यापुढे धरला.

"सांगा, स्मिताबाई."

तो कागद मी पहिल्यांदाच जवळून बघत होते. हात हुंगला. मोगरा आला, गुलाब आला, निशिगंध आला. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. पण मीही काही कमी नव्हते. मी पेनाचं टोपण लावून टाकलं.

"आत्ता काय सांगणार? चार वाजता या," मी म्हटलं. "आणि तोवर हात धुवायचा नाही, रावसाहेब. डब्यात कांदा असेल तर तोही खायचा नाही."