अण्णांनी आखलेली सावली

मी एक स्टुडिओ बोलतोय. सिनेमाचा नव्हे, फोटोचाही नव्हे, बागा आखणारा. साताऱ्यात शाहूपुरीला, एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीच्या खोलीत माझा जन्म झाला. पाटीवर दोन नावं आहेत, गोपाळकृष्ण आणि ज्ञानदा. बाप आणि लेक. गंमत अशी की, माझी स्वतःची बाग म्हणाल तर दारातली तुळस आणि गळक्या नळाखाली आपोआप उगवलेलं अळू, एवढीच.

गिरणी जाऊन बारा वर्षं झाली, तरी दमट हवेत माझ्या भिंतींना ज्वारीच्या पिठाचा वास येतो. एकदा माझ्यात मुरलेलं काही मला सोडवत नाही, हा माझा जुना दोष आहे. गेलं वर्षभर तर तो दोष फारच वाढला आहे.

माणसांची मला मजा वाटते. येतात आणि मोबाईल पुढे धरतात, आम्हाला अशीच बाग हवी. फोटो कुठल्या तरी परदेशातला, आणि यांचा बंगला माणच्या कोरड्या माळावर. गोपाळकृष्ण, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, त्यांना चहा पाजायचे आणि विचारायचे, "तुमच्याकडे सावली कुठं कुठं पडते?" बहुतेकांना ते सांगता यायचं नाही. स्वतःच्याच अंगणात दहा वर्षं राहूनही.

म्हणून अण्णांची एक रीत होती. आराखडा काढायच्या आधी एक अख्खा दिवस त्या जागेत घालवायचा. सकाळी आठपासून दर तासाला मोबाईलचा गजर व्हायचा. गजर झाला की भिंतीची, झाडाची, टाकीची सावली जिथं संपते तिथं आमचा माळी बिराप्पा पांढऱ्या फक्कीची रेघ ओढायचा आणि अण्णा ती कागदावर घ्यायचे. कुठलं रोप कुठं जगेल हे त्या रेघांवरून ठरायचं. आणि या रीतीत एक कडक नियम होता. मोजणाऱ्यानं एका जागी बसून राहायचं नाही. गजर झाला की खुर्ची उचलायची आणि दुसरीकडे मांडायची. "नाहीतर माणूस स्वतःचीच सावली मोजून घरी येतो," असं अण्णा हसून सांगायचे.

मला पाय नाहीत. माझ्या टेबलावर इतक्या बागा जन्मल्या, पण मी त्यातली एकही पाहिलेली नाही. बाहेरचं मला कळतं ते माझ्यात बसून कुणी बोललं तरच. पण माझ्या आत जे घडतं, ते मी पाहतोच. मागच्या जानेवारीतली ती सकाळ मी पाहिली आहे.

संक्रांतीच्या आधीचा मंगळवार. अण्णा पहाटेच, सगळ्यांच्या आधी आले. कुलूप उघडलं आणि आत न येता माझ्या पायरीवर बसले. डावा हात छातीवर दाबून धरलेला, कपाळावर घाम. जानेवारीतल्या गारठ्यात घाम. बराच वेळ तसेच बसून होते. मग ज्ञानदाच्या स्कूटीचा आवाज आला, तसे उठले आणि तोंड पुसलं.

"बिराप्पाला आज माझ्याबरोबर देतेस का?" त्यांनी विचारलं. त्या दिवशी त्यांना इस्लामपूरला नानासो नावाच्या गिऱ्हाइकाच्या नव्या बंगल्यावर सावली मोजायला जायचं होतं.

"अण्णा, खंडाळ्याला आज लॉनच्या गाड्या येतायत," ज्ञानदा म्हणाली. "तो नसला तर मी एकटी काय करू? एकच तर दिवस आहे."

"बरं," अण्णा म्हणाले आणि एसटीला निघून गेले.

मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. तिला सांगितलं असतं, तुझे वडील आत्ता पायरीवर कसे बसले होते ते. पण मी भिंत आणि पत्रा. मी गप्प राहिलो, आणि त्या गप्प राहण्याचं मला आजही वाईट वाटतं.

रात्री अण्णा परत आले. आराखडा बोर्डावर लावला. इस्लामपूरच्या त्या अंगणात पूर्वेच्या कोपऱ्यात त्यांनी एक सावली काढली होती, उघडलेल्या पंख्यासारखी. सकाळची लांब, दुपारची आखूड, पुन्हा संध्याकाळची लांब. अण्णा तिच्याकडे बघत उभे राहिले. मग खोडरबर हातात घेतला. कागदापर्यंत नेला. आणि तसाच परत ठेवून दिला.

आठव्या दिवशी अण्णा गेले. झोपेतच, म्हणतात.

त्यांचा मोबाईल माझ्या फळीवर चार्जरला लावलेला राहिला. तो कुणी बंद केला नाही. आठ ते पाच, दर तासाला त्याचा गजर होतो. सुरुवातीला ज्ञानदा दचकायची, मग नुसती मान वर करायला लागली. खुंटीवर त्यांची गवताची टोपी आहे. चार वाजता पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आलं की टोपीची सावली टेबलावर उतरते आणि ज्ञानदाच्या कागदापर्यंत येते. ती कागद बाजूला सरकवते. मी त्या वेळी पत्रा वाजू देत नाही, जमेल तेवढा.

जुलैत तिनं नानासोंची बाग लावायला घेतली. हे मला बिराप्पाकडून कळलं. त्या कोपऱ्यात उभं राहून त्यानं विचारलं होतं म्हणे, "ताई, हितं सावली कशाची? झाड न्हाई, भित न्हाई." आभाळ भरलेलं, ऊन आठवडाभर नव्हतं. ज्ञानदा म्हणाली, "अण्णांनी काढलीय ना? मग असणार." आणि सावलीत वाढणारे नेचे आणि पीस लिली तिथं लावून ती मोकळी झाली. दुसऱ्या कुठल्याही ऑफिसात ही चूक झाली नसती. तिथं लोक आकाशाकडे बघतात. माझ्याकडे अण्णांच्या कागदाकडे बघायची सवय आहे.

दिवाळीनंतर नानासो आले. कारखान्यातून निवृत्त झालेला, शांत माणूस. सोबत त्यांच्या पत्नी येसूबाई. नानासोंनी पिशवीतून करपलेले नेचे काढून टेबलावर ठेवले, आणि आपलीच काही चूक झाल्यासारखे बोलायला लागले.

"भांडाय आलू न्हाई ताई. पर आक्टोबरच्या उनानं सगळं जळालं बगा. तितं सावलीच न्हाई. दिसभर ऊन."

"असं कसं होईल?" ज्ञानदानं बोर्डावरचा आराखडा दाखवला. "हे बघा ना. अण्णांनी दर तासाची सावली काढलीय."

येसूबाई जवळ गेल्या. त्यांनी कागदावर, पंख्याच्या दांडीशी बोट ठेवलं. "हितं तर त्येंची खुर्ची हुती."

"कुणाची?"

"तुमच्या अण्णांची. आवं, दिसभर तितंच बसून हुतं की ते. मी म्हनलं, आत या, दोन घास खावा. तर म्हनलं, हितंच द्या, उठवत न्हाई. मला वाटलं, वय झालंय, दमलं आसतील."

ज्ञानदा उभी होती ती हळूच खाली बसली. चारचा गजर झाला आणि टोपीची सावली टेबलावर आली. त्या दिवशी तिनं कागद सरकवला नाही.

ते दोघं गेल्यावर ती रडली. "मी बिराप्पाला दिलं नाही," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. दुसऱ्या दिवसापासून तिनं खोकी भरायला घेतली. अण्णांचे आराखडे, वह्या, रंगाच्या पेन्सिली. जागेच्या मालकांना फोन करून जानेवारीअखेर खोली सोडते म्हणाली. म्हणजे मी पुन्हा नुसती खोली होणार होतो. खोटं कशाला बोलू, मला माझी भीती वाटलीच. पण त्याहून जास्त तिची वाटली. चूक आपलीच, असं धरून बसलेलं माणूस कुठल्या खोलीत गेलं तरी तिथं तेच घेऊन जातं.

गेल्या आठवड्यात संक्रांतीच्या आधी ती एक दिवस आलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आली ती उन्हानं रापलेली. बिराप्पा खोकी दोरीनं बांधत होता.

"काल इस्लामपूरला गेले होते," ती म्हणाली. "त्याच जागी, त्याच खुर्चीवर आठ ते पाच बसले. उठले नाही. दर तासाला माझी सावली त्यांच्या रेघेच्या आत येत होती रे. थोडी आखूड पडायची, एवढंच."

बिराप्पा दोरी हातात धरून तसाच थांबला. "लय तरास झाला आसंल का वो त्यास्नी?"

"माहीत नाही. आता ते कधीच कळणार नाही."

तिनं बांधलेलं एक खोकं सोडलं. तो आराखडा काढला आणि टेबलावर पसरला. पंख्यासारख्या सावलीकडे बराच वेळ बघत राहिली. मग खोडरबर हातात घेतला. कागदापर्यंत नेला. माझ्या भिंतीतला सगळा वारा थांबला होता. तिनं तो तसाच परत ठेवला, आणि पंख्याच्या दांडीशी पेन्सिलीनं एक छोटं वर्तुळ काढलं. त्याखाली लिहिलं, बकूळ.

"ही सावली खरी व्हायला दहा-पंधरा वर्षं जातील," ती म्हणाली. "नानासोंना विचारलं. येसूबाई म्हणाल्या, जाऊ द्यात की. पावसाळ्यात लावायची. तोवर तरी जागा सोडता यायची नाही, मालकांना सांगून टाकते."

बिराप्पानं मान हलवली. त्याच वेळी दहाचा गजर झाला. दोघांनीही फळीकडे बघितलं. मग बिराप्पा उठला, आपली खुर्ची उचलली आणि पलीकडे नेऊन मांडली. ज्ञानदानंही आपली सरकवली.

तर ही माझी वर्षभराची हकिकत. निम्मी खोकी अजून बांधलेलीच आहेत आणि जुलैनंतर माझं काय, ते मला ठाऊक नाही. तिच्या आधी अण्णांनीही खोडरबर उचलून तसाच परत ठेवला होता हे फक्त मी पाहिलं आहे, आणि मला ते तिला सांगता येत नाही. म्हणून तुम्हाला सांगितलं. तुमच्या घरातलं कुणी सकाळी पायरीवर जरा जास्त वेळ बसलेलं दिसलं, तर निघायच्या आधी थांबा आणि विचारा. पायरी स्वतःहून सांगत नाही.