लाळ कुणी ओळखली?

सरूबाईंना खोकला लागून सव्वा महिना झाला होता, पायरी चढली तरी धाप लागायची. पिशोर गावाहून त्या शहरात, मुकुंदवाडीत मुलाकडं, सोमनाथकडं, राहायला आल्या. सून मोनिकानं आठवडाभर काढा करून पाहिला, मग गल्लीत घरोघर फिरणाऱ्या ‘आशा’ आरोग्यसेविका तनुजाला सांगितलं. तनुजानं झाकणाची एक डबी आणून दिली.

"मावशी, सकाळी उठल्या उठल्या यात बेडका काढा. टीबीची तपासणी करायचीय."

सरूबाईंनी डबी दिली. तीन दिवसांनी तनुजा पुन्हा दारात उभी.

"परत द्यावं लागतंय, मावशी. ती नुसती लाळ होती."

"कोन म्हनलं?"

"प्रयोगशाळेतल्या मॅडम."

सरूबाईंना ठाऊक होतं, लाळच होती ती. एका खोलीचं घर, नात निजलेली, समोर मुलगा चहा पीत बसलेला. त्याच्यापुढं घसा खाकरायचा म्हणजे लाज वाटली, म्हणून त्या तोंडातली थुंकीच डबीत टाकून मोकळ्या झाल्या होत्या. पण हे घरात कुणाला माहीत नव्हतं. मग शहराच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या बाईला कसं कळलं?

"मला तिला बघायचंय," त्या म्हणाल्या.

"अहो, तिथं पेशंट जात नाहीत. डब्याच जातात."

"मंग आज डबीसंगं मी बी येते."

तनुजाला हसू आलं. तरी तिनं फोन करून विचारलं आणि दुपारी दोघी तोंडाला मास्क लावून रिक्षात बसल्या. वाटेत सरूबाईंचे प्रश्न संपेनात. तू किती घरं बघती? चारशे. तुला कोन सांगतं? आरोग्य केंद्र. त्याला कोन सांगतं? महापालिका. अन् गोळ्या कुठून येत्यात? त्या सरकारकडून केंद्रात येतात, मी केंद्रातून आणते, पेशंटच्या घरी पोचवते.

"लई हात लागत्यात की एका खोकल्याला," सरूबाई म्हणाल्या.

प्रयोगशाळा म्हणजे दवाखान्याच्या मागची दोन खोल्यांची जागा होती. अश्लेषा नावाची तिशीतली तंत्रज्ञ बाहेर आली.

"मीच ती लाळवाली," सरूबाईंनी स्वतःच सांगून टाकलं. "तुला कसं वळखलं?"

"आजी, लाळ पाण्यासारखी असते. बेडका दाट असतो, पिवळट. डबी उजेडात धरली की दिसतं. लाळच तपासली असती तर आजार लपून राहिला असता."

एवढं सोपं उत्तर असेल असं सरूबाईंना वाटलं नव्हतं. त्या नवी डबी घेऊन मागच्या मोकळ्या अंगणात एकट्याच गेल्या. तिथं कुणी बघत नव्हतं. खोल श्वास घेऊन त्यांनी मनसोक्त खाकरलं आणि डबी आणून दिली. निकाल उद्या कळेल, असं अश्लेषानं सांगितलं. पण सरूबाई बाकावरून हलल्या नाहीत. अखेर दोन तासांनी तिनंच त्यांना आत बोलावलं, सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं.

सरूबाईंनी एक डोळा मिटला. सगळीकडं निळं निळं, आणि त्यावर बारीक लाल काड्या, कुठं एकेकट्या, कुठं जोडीनं.

"ह्ये काय?"

"टीबीचे जंतू. तुमच्याच नमुन्यातले."

सरूबाईंचा हात छातीवर गेला. पण डोळा काचेवरून निघाला नाही. "येवढुशे?" त्या पुटपुटल्या. "ह्येंनी मला पायरी चढू दिली न्हाई?"

"होय आजी. आता दुसऱ्या मशीनवर बघू, नेहमीची गोळी यांना लागू पडते का."

लागू पडत होती. तिसऱ्या दिवशीच तनुजा औषध घेऊन आली. तिनं घरातल्या सगळ्यांची तपासणी करवून घेतली. सोमनाथ आणि मोनिका ठीक निघाले, चार वर्षांच्या नातीलाही आजार नव्हता, पण लहान म्हणून तिला खबरदारीचं औषध सुरू झालं. तेव्हा मात्र सरूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. स्वतःच्या निकालाला त्या रडल्या नव्हत्या.

गोळ्या सुरू झाल्यावर लघवी लाल झाली तशी त्यांनी घाबरून फोन केला. तनुजानं "औषधाचा रंग आहे, सांगायचंच राहिलं," म्हणून माफी मागितली. दुसऱ्या महिन्यात खोकला थांबला. भूक इतकी वाढली, की मोनिका दोन भाकरी जास्त थापू लागली.

सहा महिने पुरे झाले आणि डॉक्टरांनी औषध बंद केलं. दुसऱ्याच आठवड्यात सरूबाई पिशोरला परतल्या. बसस्टँडवरून घरापर्यंतचा चढ त्या कुठंही न थांबता चढल्या. घरी पोचल्यावर त्यांनी सोमनाथला फोन लावला आणि आधी तेच सांगितलं.