मी, सरांचा ‘नुसता रंग’

मी लाल रंग बोलतोय. प्रयोगशाळेत पेशींना जे पोषक पाणी पाजतात, त्यात मला चिमूटभर घालतात. पेशी वाढल्या, पाणी आंबट झालं, की मी पिवळा पडतो. मग आमच्या सरांना कळतं की पाणी बदलायला हवं. माझ्याशिवाय त्यांना तेवढंही कळलं नसतं.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्याबरोबर थोडी भेसळही आली. ती पेशींसमोर इस्ट्रोजेनचं, म्हणजे स्त्रियांच्या संप्रेरकाचं, सोंग बेमालूम वठवते. ही गोष्ट या धंद्यात जुनीच, म्हणून तर बिनरंगी पाण्याच्या बाटल्या मिळतात. आमच्याकडेही एक आहे, फ्रिजच्या तळाशी, सीलसकट. “रंगच नाही, मग मला कळणार काय?” म्हणून सरांनी ती बाजूला सारली. दीडशहाणा माणूस!

प्रयोग गर्भाशयाच्या कर्करोगाच्या पेशींवर होता. इस्ट्रोजेन दिलं की डीएनएची नक्कल काढणारं एन्झाइम जोरात चालतं का आणि पेशी भराभर वाढतात का, एवढाच प्रश्न. एका बशीत इस्ट्रोजेन, दुसरीत नाही. मी मात्र दोन्हींत, भेसळीसकट. साहजिकच दोन्हीकडे एन्झाइम सारखंच धावलं, दोन्हीकडे मी पिवळा पडलो. सरांनी छाती फुगवून जाहीर केलं, “इस्ट्रोजेनने काडीचा फरक पडत नाही!”

इथवर मला नुसतं हसू येत होतं.

आज त्यांची मोठी बहीण आली. याच कर्करोगापायी तिचं गर्भाशय अंडाशयांसकट काढलंय. तेव्हापासून अंगाची आग होते, झोप लागत नाही. कुण्या मैत्रिणीने तिला इस्ट्रोजेनच्या गोळ्या आणून दिल्यात.

“काय रे, घेऊ का? डॉक्टर तर ठाम नाही म्हणतात, कर्करोगाची एखादी पेशी उरली असेल तर ती वाढेल म्हणे.”

“ताई, डॉक्टर पुस्तकातलं बोलतात. मी डोळ्यांनी पाहिलंय. खुशाल घे.”

तिने माझ्या बाटलीकडे बोट केलं. “आणि हे लाल कसलं?”

“काही नाही गं, नुसता रंग.”

“बरं बाबा, तू म्हणतोस तर आजपासूनच सुरू करते.” गोळ्यांचं पाकीट पर्समध्ये टाकून ती निघाली.

नुसता रंग! एवढी पुस्तकं वाचून अक्कल कुठे गहाण टाकली या माणसाने?

ताई, तुमच्या भावाची मला कीवही येत नाही, पण तुमची फार येते. मला तोंड नाही. फक्त पिवळं पडता येतं, ते मी इस्ट्रोजेन नसलेल्या बशीतही पडून दाखवलं. त्याने ते पाहिलं, आणि आत्ताच मला बेसिनमध्ये ओतून नळ सोडला. तुम्ही अजून जिन्यातच असाल. ताई, ती पर्स उघडू नका.